बाबांच्या नाकावरची खपली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या नाकाच्या कडेची ती खपली पुन्हा दिसली. गणपतीत घरी आले होते तेव्हाही होतीच. "दाढी करताना लागलंय" म्हणता, पण ब्लेडची जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. ही सुकते, खपली धरते, टॉवेल लागला की पुन्हा रक्त. कड मोत्यासारखी चकाकते आणि मधे खळगा. महिनाभरात न भरलेली जखम तपासायलाच हवी.

कदाचित काही नसेलही. असलाच तर बहुधा बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेच्या कॅन्सरमधला हा जगात सर्वांत जास्त आढळणारा. वाढतो हळू, शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही. पण आहे तिथे खोल पोखरत जातो. लवकर काढला तर छोटा व्रण राहतो, उशीर केला तर नाकाची कूर्चा जाते.

"हा गोऱ्यांचा आजार" असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून जास्त संरक्षण असतं, पण पूर्ण नाही. उलट आपल्याकडे ही गाठ पुष्कळदा काळपट दिसते आणि लोक तीळ समजून सोडून देतात. निपाणीच्या तंबाखूच्या रानात तुमचा जन्म गेला. डोक्यावर टोपी होती खरी, पण गांधी टोपीची सावली नाकावर कुठली पडायला!

आई, तुझ्या गालावरचे ते खरखरीत, वरून चिकटवल्यासारखे तपकिरी डाग वयाचे वाटतात. तसल्या डागांचा कॅन्सर होत नाही. डॉक्टरांना एकदा दाखव, पण चुना लावून जाळू नकोस, घोड्याचा केसही बांधू नकोस. एखादा तीळ वेडावाकडा वाढायला लागला, त्यात दोन-तीन रंग दिसले, तर मात्र लगेच सांग.

"सुरी लागली की पसरतं" हे काकांचं म्हणणं मनावर घेऊ नका. बायोप्सीत जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, त्यानं कॅन्सर पसरत नाही. मेडिकलमधून आणलेलं ते स्टिरॉइडचं मलम आजपासून बंद. त्यानं वरची लाली उतरते, मूळ तसंच राहतं.

बेळगाव की कोल्हापूर यावर वाद नको, निपाणीहून कोल्हापूरच जवळ. त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे हे आधी सांगा, मनानं बंद करू नका. दादाला सोमवारी सुट्टी घ्यायला सांगितलंय.

तुमची,
ताई