माँटेव्हिडिओहून चिऊला

चिऊ बाळा,

काल फोनवर तू विचारलंस ना, बाबा तिकडे उरुग्वेत काही झालं तर धावून कोण येणार, तेव्हा मला पटकन काही सुचलं नाही आणि तुझे डोळेही मिटत होते (साडेआठ तासांचा फरक, माझी दुपार म्हणजे तुझी झोपायची वेळ), म्हणून आज बसून लिहितोय.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. जुलैत, म्हणजे इथे ऐन थंडी, रात्री आईला चक्कर आली. इथे एमर्हेन्सिया मोबिल म्हणून असतं, दर महिन्याला पैसे भरायचे, फोन केला की डॉक्टर घरी येतो. पण मी एवढा घाबरलो की शिकलेलं सगळं स्पॅनिश पार विसरलो, फोनवर नुसतं 'मी सेन्योरा, मी सेन्योरा' (म्हणजे माझी बायको) करत राहिलो. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजीबाई अंगावर शाल ओढून वर आल्या, फोन माझ्या हातातून घेतला, पत्ता सांगितला आणि डॉक्टर येईपर्यंत आईचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसल्या. बीपी लो झालं होतं, बाकी काही नाही. आईने शपथ घातली म्हणून तुला बोललो नाही, पण ते चुकलंच.

आता तू म्हणशील, मग पुण्यालाच या. बाळा, हा देश स्वस्त आहे म्हणून आम्ही आलो नाही, स्वस्त नाहीचे मुळी, भाजी पण महाग पडते आणि कोथिंबीर मिरच्या तर आई कुंडीतच लावते. जहाजावर होतो तेव्हा या बंदरात दोनदा उतरलो होतो, तेव्हापासून डोक्यात होतं. अख्ख्या उरुग्वेत माणसं 35 लाखांच्या आसपास, गाईगुरं त्याच्या तिप्पट. संध्याकाळी रांब्लावर, समुद्रासारख्या त्या नदीच्या कडेने वीसेक किलोमीटर फूटपाथ आहे, लोक काखेत थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या इथल्या चहाचा कप घेऊन नुसते बसलेले असतात, कुणाला घाई नाही. आईचा गुडघा दुखतो तरी ती रोज तासभर चालते, तिथे सिंहगड रोडला ती गेटच्या बाहेर पडत नव्हती हे तुला माहितीये.

रेसिडेन्सीचा त्रास मात्र झाला. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि इथे बायका लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत, त्यामुळे काउंटरवरच्या बाईला कळेचना की या दोघी एकच कशा. मग मॅरेज सर्टिफिकेट, त्यावर अपॉस्टील (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), त्याचं स्पॅनिश भाषांतर. झालं एकदाचं.

यापुढे काही लपवणार नाही, शब्द देतो. डिसेंबरात ये, तेव्हा इथे उन्हाळा असतो, आणि गोडा मसाला आण.

खालच्या आजीबाईंचा नंबर व्हॉट्सॲप करतोय. आम्ही फोन उचलला नाही तर त्यांना लाव. त्यांना इंग्रजी येत नाही, तू फक्त 'सोय ला इहा' म्हण, म्हणजे मी मुलगी. मी त्यांना सांगून ठेवलंय.

बाबा