माजी सैनिकांनो, शेडआधी तुरीचे पैसे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फौजेतून सुटून गावी आलेल्या माणसाला एकतर कुठल्यातरी गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी सुचवली जाते, नाहीतर ‘स्वतःचा उद्योग टाका’ असे सांगितले जाते. दुसरा सल्ला चांगला आहे. पस्तिशी-चाळिशीत परतलेल्या जवानाकडे दरमहा पेन्शन असते, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आगाऊ घेतल्याची) एकरकमी रक्कम असते आणि बँकेत पत असते. पश्चिम विदर्भात तूर दारातच पिकत असल्यामुळे अनेकांची नजर मिनी दाळ मिलकडे वळते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावात चालेल असे छोटे यंत्र विकसित केले आहे, त्यामुळे यंत्राची अडचण नाही. अडचण येते ती शेड उभे राहून, यंत्र बसून, तूर घ्यायला पैसे उरत नाहीत तेव्हा.

हिशेब साधा आहे. यंत्र तासाला क्विंटलभर तूर काढते असे धरले तर आठ तासांत आठ क्विंटल, महिन्याच्या पंचवीस दिवसांत २०० क्विंटल. २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावाने एका महिन्याची तूरच १६ लाखांची झाली. आवक मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये होते, दाळ मात्र वर्षभर विकायची असते आणि किराणा दुकानदार उधारी मागतो. कम्युटेशनचे सगळे पैसे पत्र्यांत आणि लोखंडात घातलेला माणूस इथे अडतो.

अनुदानाबद्दलचा गैरसमजही याला कारणीभूत आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात त्यांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. अर्जात माजी सैनिक ही नोंद राहून गेली, तर खुल्या प्रवर्गातील अर्जदाराला २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वहिस्सा लागू होतो. म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र आधीच काढून ठेवावे. पण हे ३५ टक्के हातात पडत नाहीत. २० लाखांच्या प्रकल्पात स्वतःचा एक लाख आणि बँकेचे १९ लाख असतात. अनुदानाचे सात लाख बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहतात आणि व्याज उरलेल्या १२ लाखांवर लागते. पडताळणीत मिल चालू दिसली तरच ते सात लाख कर्जात वळते होतात. ‘अनुदान आहे, मोठेच घ्या’ म्हणणाऱ्या यंत्र विक्रेत्याच्या कोटेशनवर सही करण्याआधी हे डोक्यात पक्के हवे. शिवाय जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही.

आमचे स्पष्ट मत आहे की पहिला हंगाम शेतकऱ्यांची तूर मजुरीने भरडून देण्यात काढावा. त्यात तुरीत पैसा अडकत नाही, हात बसतो आणि कोणत्या गावाची तूर कशी उतरते हे कळते. स्वतःची खरेदी दुसऱ्या वर्षी.

हात बसणे महत्त्वाचे, कारण नफा उताऱ्यात आहे. १०० किलो तुरीतून ७२ किलो दाळ उतरली तर निव्वळ तुरीचा खर्च किलोमागे १११ रुपये पडतो, ७० उतरली तर ११४. दोन किलोंचा हा फरक महिन्याच्या २०० क्विंटलांवर चार क्विंटल दाळीचा होतो आणि ती चुनीच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्यात जाणाऱ्या चुऱ्याच्या भावात जाते. नुकसान सुरू होते प्रतवारीपासून. यंत्राच्या रोलरपाशी मोठ्या दाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून बारीक दाणा न खरवडता निघतो आणि शेवटी गोटा (न फुटलेला सालासकट दाणा) म्हणून हाती येतो. फट बारीक दाण्याला बसवली की मोठ्याचा चुरा होतो. म्हणून तूर चाळून निदान दोन आकारांत वेगळी करावीच. पहिल्या फेरीत सालाला फक्त ओरखडे पाडायचे. मग क्विंटलाला ३०० ते ५०० ग्रॅम खाद्यतेल चोळून माल रात्रभर ढिगात ठेवायचा आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचा. त्यानंतर पाण्याचा हलका हबका, पुन्हा रात्रभर ढीग, पुन्हा दिवसभर ऊन, आणि मग भरडाई. साल आणि दाळ यांच्यामधला चिकट थर सुटायला एवढा वेळ लागतोच. घाई केली की साल निघत नाही. मग चालवणारा एमरीचा (खरखरीत दगडी) रोलर आवळतो आणि दाळीच्या कडा झडतात.

म्हणजे खरी मर्यादा यंत्राची नाही, खळ्याची आहे. इंचभर थर दिला तर क्विंटलाला पन्नास-पंचावन्न चौरस फूट जागा लागते. रोज आठ क्विंटल घेतले आणि प्रत्येक घाणीला (एका वेळी घेतलेल्या मालाला) चार दिवस ऊन दिले, तर एका वेळी ३२ क्विंटल माल बाहेर असतो. त्याला १,७०० चौरस फुटांचे सिमेंटचे खळे हवे. ते नसेल तर मोठे यंत्र रिकामे उभे राहील. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसासाठी पूर्ण खळे झाकेल एवढी ताडपत्री आधी घ्यावी. नीट न वाळलेली दाळ पोत्यात भरली तर पावसाळ्यात टोके (धान्यातली कीड) लागतात.

विजेबाबत एवढेच की शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नये. तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. लेबल लावून किलो-दोन किलोंची पाकिटे विकायची असतील, तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, हे भाव ठरवतानाच लक्षात घ्यावे.

अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांचा प्रश्न याहून कठीण आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के जण सेवेत राहतील. बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी (सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) घेऊन गावी येतील. त्यांना पेन्शन नाही, म्हणजे मिल बंद पडली तर हप्ता भरायला दुसरा आधार नाही. अग्निपथच्या अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मग खुल्या प्रवर्गातील अग्निवीराला ३५ टक्के मिळणार की २५, हे ते गावी पोहोचण्याआधी शासनाने लेखी जाहीर करावे.

बँकांकडे मागणी अशी की यंत्रासाठीचे मुदत कर्ज आणि तूर खरेदीसाठीचे कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) एकत्रच मंजूर करावे. यंत्राचे पैसे डिसेंबरात आणि तुरीचे एप्रिलमध्ये मिळाले, तर तो हंगाम गेलाच, हप्ता मात्र सुरू होतो. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीमच्या सैनिक कल्याण कार्यालयांनी जिल्हा उद्योग केंद्रांच्या मदतीने इच्छुकांना कर्जाचा अर्ज भरण्याआधी चार दिवस चालू दाळ मिलमध्ये पाठवावे. तेल लावण्यापासून भरडाईपर्यंत एक घाणी पूर्ण व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

आपले,
पश्चिम विदर्भातील काही दाळ मिल चालक