प्लगची मोठी पिन काढू नकोस

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या ॲम्प्लिफायरमधून सारखी घरघर येते आणि वायरमन प्लगची अर्थची पिन काढायला सांगतो, हे वाचलं. बाकी सगळं नंतर, आधी हे ऐक: ॲम्प्लिफायरच्या प्लगची मोठी, जमिनीला जोडणारी अर्थची पिन काढू नकोस. अर्थ तोडली की घरघर जाते, हे वायरमनचं म्हणणं खोटं नाही. पण ती पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली असते. प्लग घालताना आधी तीच लागते आणि काढताना शेवटी सुटते. आत फेजची तार सुटून पत्र्याच्या पेटीला टेकली, तर करंट तिच्या वाटेने जातो आणि एमसीबी पडतो. ती नसेल तर तो पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. तुझ्याकडे बटणं फिरवायला नात सगळ्यात पुढे असते, म्हणून जीव घाबरा झाला.

टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरवर घेतल्यापासून ही घरघर सुरू झाली आणि टीव्ही बंद असला तरी थांबत नाही, असं तू लिहिलंस. माझा संशय गच्चीवरच्या डिशवर आहे. डिश लोखंडी कठड्याला कसलेली. तिच्या केबलमधली तारेची जाळी सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, आरसीए वायर (टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला नेणारी) असं करत ॲम्प्लिफायरच्या अर्थला येऊन मिळते. म्हणजे जमिनीला दोन वाटा झाल्या. दोन्हीकडच्या अर्थमध्ये जरासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या कड्यात 50 हर्ट्झचा करंट फिरत राहतो. आरसीएची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे ॲम्प्लिफायर गाण्याबरोबर त्यालाही मोठं करतो. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, नुसता तानपुरा चालू असताना, हे किती छळत असेल ते मी समजू शकतो.

व्हॉल्यूम शून्यावर आण. तरीही घरघर तेवढीच राहिली तर दोष आत आहे, बहुधा पॉवर सप्लायचे जुने कपॅसिटर. झाकण तू उघडू नकोस, बंद केल्यावरही त्यांत चार्ज राहतो. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर मात्र बॉक्स बंद करून मागची डिशची केबल सोडव. तिथल्या तिथे शांत झालं, की चोर सापडला.

मग टीव्हीतून आवाज ऑप्टिकल केबलने घे. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, तारेचा संबंधच उरत नाही. तुझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला तसं इनपुट नाही, तेव्हा मध्ये छोटा डॅक लागेल, म्हणजे डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करणारी डबी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साध्या डिजिटल प्रकारावर) ठेव. दुकानदार डिशच्या केबलवर आयसोलेटर, म्हणजे तारेची वाट तोडणारा जोड, लावा म्हणेल. नको. एलएनबीला (डिशपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच केबलमधून जाते आणि बरेचसे आयसोलेटर ती अडवतात.

रेकॉर्ड लावल्यावर घरघर जास्त येते, त्याचं कारण वेगळं असू शकतं. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून 2 व्होल्ट. इतक्या बारीक सिग्नलला कसलाही उपद्रव पुरतो. टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, धातूला बोट लाव. घरघर बदलली तर रेकॉर्ड प्लेअरची सुटी बारीक तार ॲम्प्लिफायरमागच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला नीट कसलेली नाही. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला असशील तर आधी खाली काढ. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या जवळ नको.

डॅक विकत घेण्याआधी केबल सोडवून बघ आणि त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी. वायरमनला पिन तोडण्याऐवजी घराचं अर्थिंग तपासायला लाव. रविवारी मी मल्टिमीटर घेऊन येतोच आहे.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
विनय