जाळ्यात आलेली देवी

टोकियो, १८ मार्च

प्रिय आजी,

आज आसाकुसाला जाऊन आले. सुमिदा नदीच्या काठी सेन्सोजी नावाचं बुद्धमंदिर आहे, टोकियोतलं सगळ्यात जुनं. त्याची गोष्ट तुलाच सांगायला हवी, कारण ती आपल्या कोळ्यांची आहे.

सन ६२८, आजचाच दिवस. हिनोकुमा घराण्यातले दोघे भाऊ, हामानारी आणि ताकेनारी, नदीत जाळं टाकून बसले होते. मासा एक नाही, जाळ्यात आली ती एक मूर्ती. त्यांनी ती परत पाण्यात टाकली. जागा बदलली, जाळं टाकलं, तर पुन्हा तीच! आजोबा असते तर त्यांनीही पहिल्यांदा शिव्या घालतच टाकली असती, नाही का? शेवटी दोघांनी ती गावच्या मुखियाला दाखवली. ही कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, हे त्याने ओळखलं आणि राहत्या घराचंच देऊळ केलं. म्हणे एका रात्रीत तिथे हजार पाइन उगवले आणि तीन दिवसांनी आभाळातून सोनेरी ड्रॅगन उतरला. त्याची आठवण म्हणून आज अंगणात ड्रॅगन नाचवतात. गर्दीत मला त्याची शेपटीच दिसली.

कान्हेरीच्या लेण्यात बुडत्या जहाजातल्या लोकांना वाचवणारा अवलोकितेश्वर कोरलाय, आठवतो? तोच हा. फक्त इथे लोक त्याला आईसारखं मानतात.

गंमत म्हणजे ती मूर्ती कुणालाच दिसत नाही. ६४५ साली शोकाई नावाच्या भिक्षूने ती कायमची झाकून ठेवली. बोटाएवढी आहे म्हणतात. १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळालं, पण मूर्ती आधीच जमिनीत पुरली होती म्हणून वाचली, असं सांगतात. आत्ताचं देऊळ १९५८ चं, काँक्रीटचं. मला ते जरा कोरंच वाटलं. पण अंगणात गिंकोचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याला आगीचा काळा व्रण अजून आहे. तिथे मात्र मी बराच वेळ उभी राहिले.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या आसाकुसा देवस्थानात ते दोघे भाऊ आणि तो मुखिया स्वतःच देव होऊन बसलेत. मे महिन्यात तिघांच्या तीन पालख्या निघतात, अख्खी वस्ती खांद्याला खांदा लावून ओरडत नाचवते. जाळं ओढणाऱ्याची पालखी, आजी! आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, पण कोळ्याला कोण पूजतं?

शंभर येन टाकून कौलही लावला. डबा खडखडवायचा, काडी बाहेर पडते, तिच्या नंबरच्या खणातली चिठ्ठी घ्यायची. माझी वाईट निघाली. इथे वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ती तिथल्याच तारेला बांधून आले, घरी आणायची नसते.

पप्पांना सांग, सुमिदाच्या त्या काठाला एकही जाळं दिसलं नाही, सगळा सिमेंटचा बांध आणि टुरिस्टांच्या बोटी. आणि सुके बोंबील संपलेत.

तुझी लाडकी नात