मरणाचे कारण कोणी ठरवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरील आपला कालचा अग्रलेख वाचला. समुपदेशकांची संख्या वाढवा, शाळाशाळांत ताणमुक्तीचे वर्ग घ्या, हेल्पलाइनचा प्रचार करा, या सूचनांना कोण हरकत घेईल? मात्र शेवटच्या परिच्छेदात, ‘अशा वेळी तत्त्वज्ञानाच्या गप्पा कामाच्या नाहीत’ असा जो शेरा आपण जाता जाता मारला आहे, तो आयुष्यभर हाच विषय शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मुकाट्याने गिळता येण्यासारखा नाही.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी होतो. तेथे आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी समुपदेशनाचा कार्यक्रम होता. समुपदेशक बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या, याबद्दल शंका नाही. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक कशी आहे, निराश किती वेळा वाटले, असे प्रश्न छापील कागदावरून त्या विचारीत होत्या. समोरच्या विधवा बाईंच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात सातबारा, पंचनाम्याची प्रत, तहसील कार्यालयाचे पत्र असे सगळे घडी घालून ठेवलेले होते. त्या म्हणाल्या, “झोपीचं काय घिऊन बसल्या मॅडम, माह्या मालकाचं मरन अपात्र हाय हे कोनं ठरवलं, ते सांगा.” या उत्तरासाठी कागदावर रकाना नव्हता.

कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तर शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या सरकारी मदतीचा विचार होतो. या गृहस्थांची उधारी कृषी केंद्राची होती आणि उरलेले पैसे सोयऱ्यांकडून हातउसने घेतलेले होते, त्यामुळे कागदोपत्री ते कर्जबाजारी नव्हतेच. शिवाय शेवटच्या महिन्यांत घरात भांडणे होत असत, असा जबाब कोणीतरी दिला होता. झाले, कारण सापडले! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातही देशातील ३१.७ टक्के आत्महत्या ‘कौटुंबिक समस्या’ आणि १८.४ टक्के ‘आजारपण’ या कारणाखाली जमा आहेत. आता नापिकीतून उधारी, उधारीतून भांडण आणि भांडणातून खचलेले मन, अशी साखळी असेल तर तिच्या कोणत्या कडीवर बोट ठेवून ‘हेच कारण’ म्हणायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार तलाठ्याचा, पोलिसाचा की मानसोपचारतज्ज्ञाचा? कार्यकारणभाव आणि न्याय हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवत असू. आपल्या लेखी त्या गप्पा आहेत, आणि त्या बाईंच्या लेखी एक लाख रुपये व नवऱ्याची अब्रू.

औषधे नकोत, डॉक्टर नकोत असे मी म्हणत नाही. नैराश्याच्या रुग्णाला व्याख्यान ऐकवणे हा क्रूरपणाच ठरेल. माझे म्हणणे एवढेच की, गावेच्या गावे खचत असताना प्रत्येकाच्या मनाची स्वतंत्र दुरुस्ती करत बसलो, तर खचण्याचे खापरही आपोआप त्या मनावरच फुटते. आत्महत्येचे प्रमाण समाजाच्या घडणीशी जोडून दाखवणारा अभ्यास १८९७ मध्ये प्रसिद्ध करणारा फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम आरंभी तत्त्वज्ञानाचाच शिक्षक होता, हे अग्रलेख लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर होऊ नये.

ज्या महाराष्ट्रात प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ मध्ये अमळनेरसारख्या गावी पदरच्या पैशाने तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी केली, तेथे आज माझ्या महाविद्यालयातील माझी जागा मी निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे. विद्यार्थी येत नाहीत, हे कारण सांगितले जाते. शिक्षकच नसलेल्या विषयाला विद्यार्थ्यांनी कशासाठी यावे, हे कोणी सांगत नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या रविवार पुरवणीतील विचारवंतांची ओळख करून देणारे छोटे सदर गेल्या वर्षी ‘जागेअभावी’ बंद झाले. त्याच पानावर आता साप्ताहिक राशिभविष्य दीड पट मोठे येते, आणि परवाच्या अंकात वृश्चिक राशीच्या वाचकांना ‘मानसिक ताण जाणवेल, पिवळे वस्त्र वापरावे’ असा सल्ला होता. अग्रलेखातील उपाययोजनांत तो कसा राहून गेला, याचे नवल वाटते.

कळावे,
तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक, अमरावती