राईस सर, जळगावकडून थँक्यू

आदरणीय जेम्स राईस सर,

मी जळगावकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. फ्रॅक्चर मेकॅनिक्स, म्हणजे क्रॅक पडलेली वस्तू कधी तुटेल त्याचं शास्त्र, आमच्याकडे इलेक्टिव्ह आहे, म्हणजे अर्धी पोरं टाइमटेबलमध्ये बसतं म्हणून घेतात. तुम्हाला मेकॅनिक्समधलं मानाचं टिमोशेन्को मेडल 1994 लाच मिळालंय, मोठमोठ्या लोकांनी तुमचं कौतुक करून झालंय, त्यात माझ्या पत्राने काय भर पडणार. पण तुमच्या जे (J) इंटिग्रलबद्दल छोट्या लॅबवाल्यांकडून तुम्हाला थँक्यू कोणी म्हटलं असेल असं वाटत नाही म्हणून लिहितोय.

मुद्दा टेस्टला तोडायच्या तुकड्याच्या जाडीचा आहे. आयर्विनसाहेबांचा के (K), म्हणजे क्रॅकच्या टोकाशी ताण किती तीव्र ते सांगणारा आकडा, 1957 पासून आहे आणि कडक, ठिसूळ मटेरियलला तो मस्त चालतो. भुसावळ लाइनवर थंडीत पहाटे रूळ तडकतो ना, लांबच्या लांब वेल्ड केलेला, आकसायचं म्हटलं तर जागा नाही, सगळा ताण आतल्या आत आणि त्यात एखादा जुना क्रॅक, तिथे के पुरतो. (वर्गात रेल्वेवाल्याचं एखादं पोरगं असतंच, त्याला हे आमच्याआधी समजतं.) खरी पंचाईत साध्या माइल्ड स्टीलची. के ची टेस्ट व्हॅलिड धरायची तर तुकड्याची जाडी कमीत कमी किती, तर के भागिले यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो), त्याचा वर्ग, गुणिले 2.5. हे मी पोरांना फळ्यावरच करायला लावतो. के 150 एमपीए रूट मीटर धरा, यील्ड 250 एमपीए धरा, उत्तर येतं 0.9 मीटर. जाडी हां, लांबी नाही! असला ठोकळा आमच्या यूटीएममध्ये, म्हणजे तुकडे तोडायच्या मशीनमध्ये, बसवायचं सोडा, लॅबच्या दारातून आत यायचा नाही.

आणि मग तुमचा 1968 चा पेपर येतो. तेव्हा तुम्ही 27 वर्षांचे, म्हणजे आमच्या एमटेकच्या पोरांपेक्षा थोडेसेच मोठे, हे सांगितलं की वर्ग जरा गप्प होतो. क्रॅकच्या टोकाभोवती एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कुठल्याही वाटेने जा, तुमच्या जे इंटिग्रलचं उत्तर तेच येतं. टोकापाशी प्लास्टिक झालेल्या, म्हणजे कायमचा आकार बदललेल्या, मटेरियलचा जो काय गोंधळ चाललाय त्यात शिरायची गरजच नाही, विहिरीत न उतरता काठावरूनच पाणी किती ते कळावं तसं. कॉम्प्युटरवर हे काढताना तुकड्याचे छोटे छोटे भाग पाडतात, ती मेश. चोपड्याच्या एका पोराने विचारलं होतं, "सर, मंग टोकाजोळ मेश बारीक करायचीच नाही का?" बाबा करायची, पण आमच्या जुन्या पीसीवर जेवढी झेपेल तेवढ्या भरड मेशवरही जे बऱ्यापैकी बरोबर येतो, आणि हे उपकार आहेत सर.

आता तेच स्टील, तेच आकडे, पण जे चा नियम लावा, जाडी येते साधारण एक सेंटीमीटर. मीटरवरून सेंटीमीटरवर! एवढा तुकडा आम्ही तोडू शकतो. वर 1973 ला पॅरिस आणि मर्कल यांच्याबरोबर तुम्ही अजून सोपं करून दिलं, खोल क्रॅक असलेला तुकडा वाकवायचा, लोड आणि डिस्प्लेसमेंटचा ग्राफ काढायचा, त्याखालचं क्षेत्रफळ गुणिले दोन, भागिले क्रॅकपुढे उरलेल्या मटेरियलचा एरिया, झाला जे. सॉफ्टवेअर बंद पडलं तर आमची पोरं ग्राफपेपरचे चौकोन मोजतात.

एशेल्बी यांनी पन्नासच्या दशकात आणि रशियात चेरेपानोव्ह यांनी 1967 ला याच जातीचं काम केलेलं होतं, तेही मी शिकवतो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. आणि 1968 लाच हचिन्सन यांचा पेपर आणि तुमचा-रोझेनग्रेन यांचा पेपर एकाच जर्नलच्या एकाच अंकात पाठोपाठ, क्रॅकच्या टोकाशी ताण कसा पसरतो याचं दोन्हींचं उत्तर जुळलेलं, आता तिघांच्या नावाने एचआरआर फील्ड म्हणतात. मला हे फार आवडतं, आमच्याकडे एवढ्यावरून भांडणं झाली असती.

जे सगळीकडे चालतो असंही नाही, लोड मध्येच उतरला की त्याचा अर्थ डळमळतो, आणि दीपनगरच्या पॉवर स्टेशनसारख्या ठिकाणी गरम वाफेच्या पाइपात क्रीप होतो, म्हणजे धातू ताणाखाली हळूहळू ताणला जातो, तिथे सी-स्टार (C*) नावाचा दुसरा इंटिग्रल लागतो. पण तोही जे वरूनच निघालाय.

एवढं केल्यावर माणूस आरामात बसला असता, तुम्ही भूकंपाकडे वळलात. क्लेअरी यांच्याबरोबरचा 1976 चा पेपर, पाण्याने भरलेल्या खडकात दाब कसा पसरतो त्याचा, मी कोयनेचं उदाहरण घेऊन सांगतो. धरण भरल्यावर 1967 ला तिथे काय झालं ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहितीये, पण खडकाच्या भोकांतलं पाणी त्यात काय करतं हे गणितात दिसलं की पोरं मोबाइल खाली ठेवतात.

शेवटचं थँक्यू सगळ्यात जास्त कामाचं. तुमचे पेपर तुम्ही नेटवर फुकट ठेवलेत. आमच्या लायब्ररीला ती जर्नल्स परवडत नाहीत, आणि सीनियरने सीनियरला दिलेल्या काळ्या पडलेल्या झेरॉक्सवरून टेन्सरचे इंडेक्स वाचणं म्हणजे शिक्षाच. आता रावेरच्या पोराकडे आणि हार्वर्डच्या पोराकडे तीच पीडीएफ आहे.

यंदाच्या बॅचचे तुकडे पुण्याहून प्री-क्रॅक होऊन, म्हणजे आधीच क्रॅक पाडून, आलेत, सोमवारी तोडायला घेतोय.

तुमचा,
जळगावकडचा एक मास्तर