कंसवाल्या तीन ओळींचे आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात, जॉबची लेबलं छापणारी स्क्रिप्ट (कमांडची फाइल) तुम्ही दुरुस्त केलीत. खरं तर तिच्यात तुम्ही घातलीत फक्त दोन अवतरणचिन्हं: स्क्रिप्टच्या नावापुढे दिलेला सगळा मजकूर म्हणजे $@, त्याचं "$@" झालं. त्यांचे आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार तुम्ही वेगळ्या लिहून दिलेल्या तीन ओळींचे, ज्या शेलकडून (टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) स्क्रिप्टला नेमकं काय पोचतं ते दाखवतात. पहिली ओळ बॅशची (आमचा शेल), दुसरी $# छापते म्हणजे किती आर्ग्युमेंट (नावापुढे दिलेले तुकडे) आली ते, आणि तिसरीत प्रिंटएफ "$@" मधलं एकेक आर्ग्युमेंट < > अशा कंसात, ओळीवर एक असं दाखवतो. शिरोली, गोकुळ शिरगावकडेही असल्या स्क्रिप्टा चालवणारे आहेत, म्हणून हे पत्र खुलं.

जॉबचं नाव घ्या: ६" फ्लँज & बुश (दुसऱ्या पॅटर्नचा) $५०. हे अवतरणाशिवाय टाइप केलं की इंचाची खूण शेलला उघडं अवतरण वाटते. ते बंद होण्याची वाट बघत शेल पुढच्या ओळीवर > दाखवून बसतो. माणूस कंट्रोल-सी मारतो, इंचाची खूण काढतो. आता सिंटॅक्स एरर, आणि तीही कंसावर नाही, 'दुसऱ्या' या शब्दावर. कारण & नंतर नवी कमांड सुरू होते आणि 'बुश (' बघून बॅशला वाटतं इथे फंक्शन लिहिलं जातंय. म्हणून कंसही काढला. आता मात्र खरा घोटाळा: & च्या अलीकडचं सगळं बॅकग्राउंडला पळतं, स्क्रिप्टला '६' आणि 'फ्लँज' एवढंच मिळतं आणि लेबल मुकाट्याने चुकीचं छापलं जातं. 'बुश' नावाची कमांड सापडत नाही अशी तक्रार येते, पण ती स्क्रिप्टची नसते, शेलची असते. एरर देऊन थांबणारी चूक परवडली, ही नाही.

"स्क्रिप्टमध्ये स्पेशल कॅरेक्टर कसे हाताळायचे?" हा प्रश्नच उशिराचा, हे तुम्ही कंसांतून दाखवलंत. स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच शेलने &, *, ;, # आणि मोकळ्या जागा आपल्या परीने वाचून संपवलेल्या असतात. त्यामुळे पहिला बंदोबस्त टाइप करतानाच: पूर्ण नाव एकेरी अवतरणात. त्यात कशालाच विशेष अर्थ उरत नाही, अडचण फक्त एकेरी अवतरणाचीच. ते हवं असेल तर '\'' असं बंद करून, सोडून, परत उघडायचं. दुहेरीत $, बॅकटिक, \ आणि " जागेच राहतात. (आकडे इथे मराठीत आहेत, टाइप करताना इंग्रजीच समजा.) म्हणून "$५०" चं होतं $५, म्हणजे रिकामं पाचवं आर्ग्युमेंट, आणि मागे उरतं शून्य. पन्नास डॉलरचा माल फुकट!

दुसरा बंदोबस्त स्क्रिप्टच्या आत, जिथे जिथे व्हेरिएबल वापरलंय तिथे दुहेरी अवतरण. अवतरणाशिवायचं $@ किंवा $* नीट आलेलं नाव पुन्हा फोडतं आणि त्यातल्या * चा फायलींच्या यादीत विस्तार करतं. "$*" सगळं एकाच आर्ग्युमेंटमध्ये जोडतं, ते लॉगपुरतं ठीक. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा शेलचेक अवतरण नसलेल्या साध्या व्हेरिएबलला एससी२०८६ आणि $@ ला एससी२०६८ म्हणून बोट दाखवतो. नाव वजा चिन्हाने सुरू होत असेल तर अवतरणही उपयोगाचं नाही, आधी -- द्यायचं किंवा फाइल असल्यास पुढे ./ लावायचं.

मग "हे नाव किती हातांतून जातंय ते मोजा" हे तुमचं वाक्य. दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारा एसएसएच सगळी आर्ग्युमेंट मोकळ्या जागांनी जोडून पलीकडे पाठवतो आणि तिथला शेल ती नव्याने वाचतो, म्हणजे आपली अवतरणं अलीकडेच गळून पडतात. प्रिंटएफच्या टक्का-क्यूने (%q) एक जास्तीचं वेष्टण चढवायचं, मात्र पलीकडेही बॅशच हवा. फाइल पलीकडे पाठवणाऱ्या एससीपीचा हा त्रास ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून गेला, कारण तो आता मुळात एसएफटीपी या वेगळ्या पद्धतीवर चालतो. आलेल्या यादीची आर्ग्युमेंट करून देणाऱ्या एक्सआर्ग्सला स्वतःची अवतरणं कळतात, म्हणून इंचाची खूण दिसली की तो अडतो. त्याला नावं पुरवणाऱ्या फाइंडला -print0 आणि एक्सआर्ग्सला -0 दिलं की सुटतो. विंडोजच्या सीएमडीत एकेरी अवतरणाला किंमत नाही, आणि बॅच फाइलमध्ये % दोनदा लिहावा लागतो.

कमांड व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, ही तुमची ताकीदही कामी आली. दोन * मधला मजकूर तिथे ठळक होतो आणि * दिसेनाशा होतात. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणाचं वळणदार “ ” करतो, जे शेलच्या लेखी साधी अक्षरं. पाठवायचीच तर तीन बॅकटिकांच्या मध्ये, आणि वळणदार अवतरण बंद करून.

सगळ्यात अवघड निघालं ते आपलं 'दुसऱ्या'. ते आडवं र दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. यूटीएफ-८ मध्ये पहिलं ६ बाइट, दुसरं ९. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, तुमच्या कंसांतही सारखेच, पण मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला जॉब सापडत नाही. अवतरणं कितीही घाला, फरक पडत नाही. आउटपुट बाइट उलगडून दाखवणाऱ्या ओडीला दिल्यावरच ते जास्तीचे तीन बाइट दिसतात. आता लेबलच्या स्क्रिप्टमध्ये नाव आल्या आल्या मजकूर बदलणाऱ्या सेडने दुसरी तऱ्हा पहिलीत बदलतो. ही ओळ तुमच्या प्रतीत नाही, घालून घ्या.

आपले,
उद्यमनगरात लेबल आणि बॅकअपच्या स्क्रिप्टा सांभाळणारे